आठ नंबरचा पत्रा

माझ्या वरच्या खोलीत आजवर बारा-चौदा भाडेकरू राहून गेले. मागे बघत चहा पिणारा एकच.

म्हणजे कसं, कप तोंडाला लावायच्या आधी तो उजव्या खांद्यावरून मागे बघायचा. मग डाव्या. मग घोट. रस्ता ओलांडताना माणूस बघतो, ते कळतं. हा आमच्या ओटीवर भिंतीला पाठ लावून बसला तरी बघायचा. मागे भिंत! भिंतीत काय आहे बघायला? पहिल्याच आठवड्यात मी बायकोला म्हटलं, "ह्याच्या मागे पोलीस तरी लागलेत, नायतर भूत."

ती म्हणाली, "तुमच्या मागं मी चाळीस वरसं चालतेय. तुमी कवा बगितलं?"

ती आता नाही. भाद्रपदात गेली. मुलगी बोलली, बाबा, घरात बसून भिंतीशी भांडण्यापेक्षा त्या इराण्याचं लिहून काढा, तुम्ही त्याच्याबद्दल बोलायला लागलात की चेहरा बरा दिसतो. म्हणून लिहितोय. मी चौथी. तीसुद्धा अर्धीच, परीक्षेच्या दिवसांत आगरावर मीठ ओढायला गेलेलो. तेव्हा चुकलं तर चुकलं.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदाराला फुटबॉलचं वेड. त्याने स्वतःचा क्लब काढलेला, पगारी खेळाडू ठेवलेले, त्यात एक बाहेरदेशचा असावा अशी हौस. क्लबचा मॅनेजर ह्याला घेऊन कोपरीला आमच्या दारात उभा राहिला. तीन बॅगा, त्यातली एक नुसत्या बुटांची. वय पस्तीस. त्या धंद्यात पस्तिशी म्हणजे आपल्यातली ऐंशी, असं मॅनेजरच मला बाजूला घेऊन बोलला. "इराणचा आहे, काका. पण वाढला स्वीडनला. एकदम सभ्य माणूस."

शेजारच्या म्हाताऱ्याने इराणी एवढंच ऐकलं आणि विचारलं, "हॉटेल कुठं टाकतोय?" दुसऱ्या दिवशी तो खरंच बनमस्का मिळेल का विचारायला आलेला.

खोली दाखवली तर ह्याने ना पंखा बघितला, ना नळ. खाली येऊन बूट काढले आणि आमच्या अंगणात अनवाणी गोल गोल फिरला. मग टाचेने एका जागी दाबलं, दुसऱ्या जागी दाबलं, आणि माझ्याकडे बघून हसला. मला तिथेच कळलं, हा आपल्यातला आहे! मिठागरात आम्ही दुसरं काय करायचो? मीठ पिकवायच्या आधी खाचराचा तळ पायाने तुडवून तुडवून कडक करायचा. कुठे माती नरम, कुठे पाणी झिरपतंय, ते डोळ्यांना दिसत नाही, तळपायाला कळतं. मी गेलो त्याच्या बाजूला, चप्पल काढली, तुळशीजवळची जागा पायाने दाखवली. "इथे पोकळ आहे." त्याने पाय ठेवला आणि टाळी वाजवली.

टाळ्या तर तो सारख्या वाजवायचा. त्याला आमच्या बोलण्यात त्याच्या आईचे शब्द सापडायचे. मी बायकोवर ओरडलो, "तो कागद कुठे ठेवलास?" की वरून टाळी. कागद! त्यांच्यातही जवळजवळ तेच. जमीन, हवा, दुकान, बाजार, चाकू. प्रत्येक शब्द सापडला की तो धावत खाली येऊन मला मिठी मारायचा, जसा काय मी गोल केलाय. आणि ते शब्द त्याने खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिले, उजवीकडून डावीकडे. नवा रंग दिलेली भिंत! मी जाम शिव्या घातल्या. त्यातली एक शिवीसुद्धा त्याला ओळखीची निघाली. तीही भिंतीवर गेली.

मराठी तो माझ्या बायकोकडून शिकला, म्हणून आगरी शिकला. ती त्याला "बाला" म्हणायची, तो तिला "आये". मला "बाबा", पण अरेतुरे. स्वीडनला वाढलेला गोरटेला माणूस बाजारात जाऊन "ताजी हाय का गो?" विचारायचा, तेव्हा कोळणी सुरा खाली ठेवून हसायच्या आणि वर एक बोंबील जास्त टाकायच्या.

चहा बिनदुधाचा. साखर चहात नाही, दातात. बायकोने देवाची खडीसाखर ठेवलेली, त्यातला खडा दातात धरून त्यावरून चहा ओढायचा. देवाचा डबा महिन्यात रिकामा. मी बोललो तर बायको म्हणाली, "देवानं तक्रार केली का तुमच्याकडं?"

त्याची सगळी कारकीर्द त्याने आम्हाला एका दुपारी मिठाच्या खड्यांनी सांगितली. ओटीवर फडकं पसरलं आणि त्यावर एक एक खडा ठेवत गेला. पहिला खडा, इराणातलं समुद्राकाठचं गाव. तिथे जन्मला. दुसरा खडा लांब, पार उंबरठ्याजवळ. स्वीडन. आईबाप त्याला घेऊन तिकडे पोचले तेव्हा हा चार वर्षांचा. थंडीत नुसतं बर्फ, म्हणून नारिंगी चेंडूने खेळायचे, पांढरा दिसतच नाही. सतराव्या वर्षी क्लबने उचलला. मग नॉर्वे, ग्रीस, सायप्रस, मलेशिया, पुन्हा स्वीडन. नऊ क्लब! एकदा इराणच्या राष्ट्रीय टीमच्या सरावालासुद्धा बोलावलेलं. तीन आठवडे राहिला, घाम गाळला, मॅचच्या यादीत नाव नाही. तिकडे त्याला स्वीडनवाला म्हणायचे आणि स्वीडनमध्ये इराणी.

मी विचारलं, "मग तू कुठला?"

"कोपरीचा," म्हणाला. "पाणी इथंच भरतो ना सकाली."

आमच्या बायकोने विचारलं, "बाला, तू गोल किती मारलंस?" कारण एवढ्या दिवसांत तिला गोलाचं काही ऐकू आलेलं नव्हतं.

त्याने सांगितलं, आपण मधले. गोल मारणारा पुढे, अडवणारा मागे. आपण मागच्याकडून घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं. आणि घेण्याआधीच बघून ठेवायचं कोण कुठे आहे. चेंडू पायात आल्यावर जो बघतो त्याला उशीर झालेला असतो. म्हणून ही मान. वीस वर्षं खांद्यावरून मागे बघून बघून आता चहा पितानाही वळते.

बायको म्हणाली, "घ्यायचं, द्यायचं, आनि सगल्यांवर नजर ठेवायची. नाव दुसऱ्याचं. म्हंजे तू घरातली बाई."

तो इतका हसला की दातातली खडीसाखर उडून फडक्यावर पडली.

मग मात्र त्याने सगळे खडे गोळा केले आणि एकच बोलला. नऊ क्लब सोडले, एकदाही नीट चालत बाहेर आलो नाही. दोनदा स्ट्रेचरवरून. एकदा बाकावर बसल्या बसल्या वर्ष संपलं. एकदा सुट्टीत घरी असताना फोन, येऊ नको. बाकी वेळा मॅच चालू असताना पाटी वर, त्याचा नंबर, उतर खाली, दुसरा आत. हा दहावा क्लब आणि हा शेवटचा. डाव्या गुडघ्यात आता काही राहिलं नाही, डॉक्टरने सांगितलेलं. त्याला एकच पाहिजे होतं. शेवटच्या मॅचला पूर्ण नव्वद मिनिटं. शिट्टी वाजेल तेव्हा मी मैदानात असलो पाहिजे, मग माझ्या पायाने रेषेबाहेर चालत जाईन आणि बूट काढीन.

"यवढंच ना?" बायको म्हणाली. "मग होयल."

त्या दिवसापासून तिने तो गुडघा हातात घेतला. रोज सकाळी तव्यावर खडे मीठ भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि शेक. क्लबचा फिजिओ बर्फ लावायला सांगायचा, ही गरम मीठ. तो दोन्ही करून घ्यायचा, एक तिकडे, एक इकडे. मॅचला निघाला की मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. त्या ठसक्याने मी खोकत अंगणात, आणि हा चुलीजवळ डोळे मिटून उभा. त्याची आई निखाऱ्यावर कसल्या तरी बिया टाकायची, नजर लागू नये म्हणून. वास वेगळा, ठसका तोच, म्हणाला.

मला तो मॅचच्या आधी मैदानावर न्यायला लागला. क्लबच्या पोरांना गंमत वाटायची, म्हातारा अनवाणी मैदान तुडवतोय! मी सांगायचो, हा कोपरा कडक, चेंडू उडेल. इथे वाळू जास्त, घसरेल. तो मान डोलवायचा आणि तसंच खेळायचा. सत्तरीला मला नोकरी लागली होती, बिनपगारी.

एकदा आम्ही तिघं बाजारात निघालेलो. मी पुढे, बायको पिशवी घेऊन मागे. आमचं कायमचं तसंच. हा मधे. थोडं पुढे गेलो आणि ह्याने माझा दंड धरला. "बाबा, आये कुठंय?"

"मागे असेल."

"बगितलंस?"

"अरे बघायचं काय त्यात? चाळीस वर्षं येतेच आहे."

तो तिथेच रस्त्यात थांबला. रिक्षावाले हॉर्न वाजवताहेत, हा हलत नाही. "तू कदी मागं बगत नाय. तुला चेंडू द्यायचा कसा कोनी?" मी त्याला काय ते सुनावलं. आमच्यात बायकोला वळून वळून बघत नाहीत, लोक हसतात. तो गेला मागे, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या बाजूने चालत आला. लोक हसलेच. माझ्यावर.

मग ते होळीचं. आमच्याकडे होळी मोठी. धुळवडीच्या सकाळी निखारे अजून लाल असतात, बायका त्यावर पाण्याचे हंडे ठेवतात, आम्ही राख कपाळाला लावतो. हा अर्ध्या चड्डीत खाली आला, निखारे बघितले आणि त्याचे डोळे असे चमकले की मी घाबरलो. चार पावलं मागे गेला, धावला आणि गेला की वरून! होळीच्या वरून! त्या गुडघ्याने! वळला आणि पुन्हा. आणि तिसऱ्यांदा!

सगळी आळी धावत आली. होळीला आम्ही पाया पडतो. तिला कोणी ओलांडत नाही. शेजारचा म्हातारा थरथरत काठी घेऊन आला. माझं तर डोकंच फिरलं. माझा भाडेकरू, म्हणजे नाव माझं. मी हात उगारला. तो धापा टाकत हसतोय, त्याला वाटलं मी टाळी द्यायला आलो. सांगायला लागला, त्यांच्याकडे नवं वर्ष लागायच्या आधी सगळे आगीवरून उड्या मारतात. म्हातारे, पोरं, सगळे. आगीला सांगायचं, माझं पिवळं तू घे, तुझं लाल मला दे. दुखणं जातं. "गुडघा, बाबा! गुडघ्यासाठी!"

बायको मधे आली. हंडा खाली ठेवला, कमरेवर हात. "त्याला त्याच्या आयशीनं शिकवलं, तुमाला तुमच्या आयशीनं. भांडायचं तर दोघींना बोलवा." मग एक नारळ आणला, त्याच्याच हाताने होळीला वाहायला लावला, राख त्याच्या कपाळाला फासली. म्हाताऱ्याने काठी टेकली आणि विचारलं, "माझी कंबर दुखते. ती जाईल काय?"

त्यानंतर पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी चहाला बसलेलो. ह्याने सवयीप्रमाणे उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि कप खाली ठेवला.

"बाबा. आयेचे डोळे बग."

मी पेपर बघत होतो. म्हटलं, काय झालं डोळ्यांना?

"बग तू."

बघितले. पिवळे. हळदीने भरल्यासारखे. मी त्याच घरात, त्याच ताटातून खातो, त्याच खोलीत झोपतो, आणि ते दिसलं कोणाला? भाडेकरूला. ती म्हणाली, चार दिवस जेवण जात नाही, पित्त असेल. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "तवा मना पन उडी मारायला लावायची होतीस रं, बाला. माझं पिवलं ऱ्हायलं ना." आणि हसली. तो नाही हसला.

दवाखाना, फोटो, सोनोग्राफी. यकृतात गाठ, जुनी. शेवटी ठाण्यातच एका दवाखान्यात ठेवली, नळी घालून पित्त काढायला. मुलगी विठ्ठलवाडीला दिलेली, ती येऊन-जाऊन. आणि मी तिथून हललो नाही.

त्यात ह्याची शेवटची मॅच आली. डोंबिवलीतल्या एका मैदानावर. आदल्या दिवशी तो दवाखान्यात आला, खाली मान घालून बसला. कोचने सांगितलेलं, सत्तर मिनिटं खेळ, मग उतर, एका नव्या मुलाला घ्यायचंय. कोच वाईट नव्हता, शाळेत पीटी शिकवणारा साधा माणूस, त्याचंही बरोबर होतं. गुडघ्याकडे बघून बोललेला. पण पुन्हा पाटी. दहाव्या क्लबातही.

बायको मला म्हणाली, "उद्या तुमी जा."

"वेडी झालीस काय? तुला सोडून?"

"मी कुटं पलत नाय. नळी लावलीय मना. मैदान कोन तुडवल, तुमचा बाप? जा, आनि फोन चालू ठेवा. मना सगलं सांगा."

गेलो. क्लबच्या बसमधून, त्याच्या बाजूला बसून. मैदान तुडवलं. एप्रिलची अखेर, चार वाजताचं ऊन, सगळं मैदान खापरीसारखं कडक. पण पलीकडच्या उजव्या कोपऱ्यात, निशाणाच्या अलीकडे, माझी टाच आत गेली. वरून गवत तसंच, खालून ओल. पाण्याचा पाइप कुठेतरी झिरपत असणार. दहा पावलांची जागा. मी त्याला नेऊन दाखवली. त्याने टाचेने दाबली, एकदा, दोनदा. खांद्यावरून मागे बघितलं, दुसरं कोणी बघतंय का.

मी बाकाच्या शेवटी, ज्यादा खेळाडूंच्या बाजूला बसलो. कोच म्हणाला, "काका, रिकामे बसलात तर ही पिशवी सांभाळा." गोणपाटाची पिशवी, आत पत्र्याचे लाल आकडे. कोणाला उतरवायचं झालं की लाकडी पाटीच्या खिळ्याला तो आकडा अडकवायचा आणि वर धरायची. पिशवी उन्हात पडलेली. मी मांडीशी घेतली आणि फोन लावला. मुलीने आईच्या कानाशी धरला.

"चालू झाली?"

"झाली."

"काय करतो?"

"मागे बघतोय."

"ते सोडा. पाय?"

"पाय बरा आहे. आला... आला चेंडू त्याच्याकडे... दिला! अगं, न बघताच दिला!"

"आदी बगून ठेवलं असल," ती म्हणाली. मला शिकवते!

काय सांगू, मी आयुष्यात असा ओरडलेलो नाही. मला नियम कळत नव्हते, पण त्याला बघितलं की सगळं कळायचं. बाकी एकवीस जण चेंडूमागे धावताहेत, हा एकटा चालल्यासारखा, आणि चेंडू आपणहून त्याच्याकडे येतोय! नोकरीवरून घरी यावा तसा! फोनमध्ये मागे आवाज वाढले, मुलीने स्पीकर लावलेला, बाजूच्या खाटांवरच्या बायकाही ऐकत होत्या. एक विचारत होती, "कोणाचा मुलगा?" आणि आमची सांगत होती, "माझाच."

मध्यंतर झालं, शून्य-शून्य. पुन्हा सुरू. साठ मिनिटं झाली आणि डावा पाय घासायला लागला. तिला नाही सांगितलं. तिने विचारलं, "पाय?" मी म्हटलं, "पळतोय." ती म्हणाली, "खोटं बोलताव."

कोचने घड्याळ बघितलं. नव्या मुलाला म्हणाला, जॅकेट काढ. मग माझ्याकडे वळला. "काका, आठ द्या."

आठ त्याचा नंबर.

आता खरं ते लिहितो. मी पिशवीत हात घातला, आठ पहिलाच लागला हाताला. आणि मी तो पिशवीतून काढून, धोतराखाली सरकवून, त्याच्यावर बसलो. विचार नाही केला. तापलेला पत्रा! तव्यावर बसल्यासारखं झालं. डोळ्यात पाणी आलं. तोंड सरळ ठेवून म्हटलं, "आठ दिसत नाय."

"नीट बघा."

"बघतो. तीन आहे. सहा आहे. दोन नऊ आहेत."

कोच स्वतः आला, पिशवी जमिनीवर उपडी केली. सगळे आकडे खणखण पडले. एक पोरगा म्हणाला बसमध्ये राहिला असेल, तो बसकडे धावला. कोच म्हणतोय, अरे, नुसतं सांगा रेफरीला. पण चेंडू बाहेर गेल्याशिवाय बदल होत नाही, आणि चेंडू बाहेर जातच नव्हता! फोनमध्ये बायको, "काय झालं? का गप्प झालाव?"

मी फोनवर हात धरून हळूच म्हटलं, "त्याला उतरवताहेत. मी पत्र्यावर बसलोय."

तिने ऐकलं. मग अशी हसली, अशी हसली, की मुलगी घाबरून म्हणाली, आई, नळी!

"बसा," ती म्हणाली. "दाबून बसा. मी हाय."

आणि तेवढ्यात ते झालं. मागून चेंडू त्याच्याकडे आला. येण्याआधी त्याने बघितलं, उजवीकडे, डावीकडे, आणि शपथ सांगतो, डावीकडे बघताना त्याने मला बघितलं. बसलेला. पाय उचलला आणि चेंडू असा लांब मारला, उंच, पार पलीकडच्या उजव्या कोपऱ्यात. त्यांचा अडवणारा धावला पुढे, टप्पा पडून चेंडू उडेल त्या हिशेबाने. आमचाही पोरगा धावला. चेंडू पडला आणि थप! मेला! जागच्या जागी! ओल्या मातीत! त्यांचा माणूस त्याला ओलांडून सरळ निशाणापर्यंत गेला. आमचा पोरगा मागून आला, चेंडू पायात घेतला, आत घुसला, मारला!

गोल! अगं, गोल! माझी जागा! मी दाखवलेली! मी फोनमध्ये ओरडत होतो, वॉर्डमध्ये बायका ओरडत होत्या, कोणती तरी नर्स येऊन रागवली तेही ऐकू आलं. सगळा बाक उठून नाचत होता. मी सोडून. मी उठलो असतो तर पत्रा दिसला असता.

कोच परत आला, घाम पुसला, मैदानाकडे बघत बसला. बसकडे गेलेला पोरगा धावत आला, नाही सापडला म्हणाला. कोच म्हणाला, "राहू दे आता."

नवा मुलगा दुसऱ्याच्या जागी गेला, पण पाच मिनिटंच मिळाली त्याला. त्याचं तोंड एवढंसं झालेलं. ते मला अजून दिसतं. चूक माझीच.

शिट्टी वाजली. सगळे धावत मध्ये गेले, मिठ्या, पाणी उडवणं. मग एक एक करून बाहेर आले. तो मध्येच उभा, एकटा.

"चालतोय का?" बायको.

"नाय अजून. उभा आहे."

"मग?"

"निघाला. डावा पाय ओढतोय. पण चालतोय."

"किती ऱ्हायलं?"

"वीस पावलं. पंधरा. थांबला. निघाला. दहा. चार. रेषेजवळ आला. थांबला, मागे बघतोय."

"कोन हाय मागं?"

"कोणी नाय. नुसतं मैदान."

"बगू दे मग."

त्याने उजव्या खांद्यावरून बघितलं, डाव्या खांद्यावरून बघितलं, आणि रेष ओलांडली. तिथेच बसून बूट काढले. मग अनवाणी माझ्याकडे आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "ऊठ, बाबा. आठ भाजला."

संध्याकाळी बस परस्पर दवाखान्याला आली. तो जिना चढून वॉर्डमध्ये गेला, मातीने भरलेला. ती म्हणाली, "चालत आलास?" तो म्हणाला, "चालत आलो, आये." बाजूच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पत्रा तिच्या उशाशी ठेवला. क्लबच्या पिशवीत तो परत गेलाच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तो स्वीडनला गेला. आता तिकडे पोरांना शिकवतो. भिंतीवरचे शब्द तसेच आहेत, मी रंग दिलेला नाही, देणारही नाही.

बायको घरी आली. नळीने थोडे दिवस बरं वाटलं. तिने तो पत्रा स्वयंपाकघरात खिळ्याला लावला आणि मला हैराण केलं. मी मधे मधे लुडबुड केली की पत्रा काढून वर धरायची. उतर, बाहेर हो! भात करपवला, पत्रा. जास्त बोललो, पत्रा. आम्ही दोघं त्या दोन महिन्यांत जेवढं हसलो, तेवढं चाळीस वर्षांत नाही. आणि बाजारात, जोवर ती येऊ शकली तोवर, मी तिच्या बाजूने चाललो. सगळी कोपरी बघत होती. बघू दे.

मग ती खाटेला लागली. खाट स्वयंपाकघराच्या दारासमोर घातलेली, तिला खिळा दिसेल अशी. मी खाटेशेजारच्या स्टुलावर. रात्र नाही, दिवस नाही. ती दमून बोटाने खिळ्याकडे दाखवायची, म्हणजे जा, जेव, मुलीला बसू दे. मी नाही उठायचो.

गणपती बसायला दोन दिवस राहिलेले. सकाळी डॉक्टर येऊन गेला, मुलीला बाहेर नेऊन बोलला. मी ऐकलं नाही, मला ऐकायचं नव्हतं. मी उठलो, खिळ्यावरचा पत्रा काढला, स्टुलावर ठेवला आणि वर बसलो. दुपारी तिने डोळे उघडले. खिळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"पत्रा कुटं हाय?"

"दिसत नाय," मी म्हटलं. "शोधतोय."

ती बघत राहिली. ओठाच्या कोपऱ्यात तेच हसू, मॅचच्या दिवशी फोनवर ऐकलेलं.

"बसलाव ना त्याच्यावर?"

मी मान डोलवली.

"बसा," ती म्हणाली. "दाबून बसा."

मी बसलो. दिवे लागेपर्यंत बसलो. मुलीने खांद्याला धरून उठवलं तेव्हा त्या आठला मधोमध बाक आलेला होता. तो मी सरळ केलेला नाही. तसाच खिळ्याला आहे.